मदत हवी आहे: ट्रेलरचा गीझर गॅसवर चालतो, विजेवर नाही

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन हिंडणारं कुणी आहे का इथे? आमचा जुना ट्रेलर आहे, सहा गॅलनचा गीझर, गॅस आणि वीज दोन्हीवर चालणारा. गॅसवर पाणी झकास तापतं. विजेवर टाकला की तासाभरानेही गारच!

एलिमेंट (विजेवर पाणी तापवणारी कांडी) जळलं असणार, असं सगळेच सांगतात. टाकीत पाणी नसताना बटण दाबलं तर ते लगेच जळतं हे खरं, पण प्लग काढून, वायर सोडवून मीटर लावला तर १० ओहम दाखवतो. १४४० वॅट, १२० व्होल्ट, म्हणजे हिशोब बरोबर जुळतो, एलिमेंट शाबूत आहे. ब्रेकर पडत नाही. बाहेर गीझरच्या कोपऱ्यातलं छोटं काळं बटण (हे कुणी सांगितल्याशिवाय दिसतच नाही) चालू आहे, ट्रेलरच्या आतलंही चालू. रीसेटचं बटण दाबून पाहिलं, टिक आवाज आला नाही. तरी एलिमेंटच्या टोकांवर व्होल्टेज शून्य.

आता संशय विजेच्या बाजूच्या थर्मोस्टॅटवर (पाणी तापलं की वीज तोडणारा) किंवा मागच्या रिलेवर (आतल्या बटणाने एलिमेंटची वीज चालू-बंद करणारा). आधी काय तपासू? रिले गाठायला अख्खी टाकी बाहेर काढावी लागते, की पलंगाखालची फळी काढून हात पोचतो? दुरुस्तीवाला तर बघण्याआधीच नवा गीझर घ्या म्हणतोय.

कॅम्पग्राउंडच्या भाड्यात वीज फुकट असताना गॅस जाळायचा जिवावर येतं हो. कुणी हे स्वतः केलं असेल तर फोटोसकट सांगा, प्लीज.