रॉचडेलजवळचा कॉटन फॅमिन रोड, कुणाला माहितीये का?

माळावरचा: मंडळी, मी मँचेस्टरजवळ रॉचडेलला राहतो. रविवारी रूली मूरच्या माळावर चालायला गेलो, तिथे ना घर ना गाव, नुसता वारा, आणि मध्येच घट्ट दगडी फरसबंदीचा रस्ता! बरोबरचे एक आजोबा म्हणाले, हा कॉटन फॅमिन रोड, म्हणजे कापूस-दुष्काळाचा रस्ता. मी इंडियाचा कळल्यावर हसून म्हणाले, आमच्याकडे भिकार मालाला 'सुरत' म्हणायचे. राग नाही आला पण डोक्यात किडा वळवळतोय. काय भानगड आहे?

गिरणगावचा नातू: भानगड अमेरिकेतली. १८६१ ला तिकडे यादवी पेटली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली नि लँकेशायरचा, म्हणजे तुझ्या त्या भागातल्या कापड गिरण्यांचा, कापूस आटला, गिरण्या बंद, लाखो लोक घरी. मग आपला कापूस मागवला. खानदेशचा असो नाहीतर वऱ्हाडचा, तिकडच्या बाजारात सरसकट 'सुरत'. आखूड धागा, त्यात सरकी, माती, पाला. धागा सारखा तुटणार आणि मजुरी तर विणलेल्या कापडावर. बरं धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळ्यात, धागा ओवायचा तो तोंड लावून ओढून, म्हणजे सगळी कस्तर घशात. शिवी होणारच ना! "देवा कापूस पाठव, पण सुरत नको" अशी प्रार्थना करायचे म्हणे. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, धागा तुटला की आधी कापसाला शिव्या, मग जॉबरला, म्हणजे मुकादमाला.

सुतावरून: रस्त्याचं राहिलं की. १८६३ ला कायदा करून तिथल्या गावांना कर्ज दिलं, बेकारांना रस्ते, गटारं, बागांची कामं द्यायला. तुझा रस्ता नि ओल्डहॅमचा अलेक्झांड्रा पार्क त्यातलेच. आयुष्यभर सूत हाताळलेले हात आणि समोर दगड! त्याच वर्षी स्टेलीब्रिजला मदत रोख न देता दुकानात माल मिळणाऱ्या तिकिटांवर द्यायला लागले तर लोकांनी दंगल केली, बरोबर केली असं माझं मत. पण एवढ्या हालातही १८६२ च्या शेवटच्या दिवशी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन लिंकनला पत्र पाठवलं, गुलामगिरीविरुद्ध आम्ही तुमच्या बाजूने म्हणून. लिंकनने उत्तरही दिलं, पुतळा आहे बघ तिथे.

फोर्टातला: आणि इकडे मुंबईत नुसता पैसा! प्रेमचंद रायचंद याच कापसाच्या तेजीत शेअर बाजाराचा राजा झाला, राजाबाई टॉवरला पैसा त्याचाच, नाव त्याच्या आईचं. १८६५ ला युद्ध संपलं नि सगळं कोसळलं, तोही बुडाला.

माळावरचा: बाप रे. मी त्या दगडांवर बसून थेपले खाल्ले राव. आजोबांना आता टॉवरचा फोटो दाखवतो.