लेडी ग्रेंज: राजकारणाचा बळी की नकोशी बायको?

निवांत_गडी: स्कॉटलंडमधल्या एडिंबरोची लेडी ग्रेंज, म्हणजे रेचल चीसली (१६७९-१७४५). नवरा जेम्स अर्स्किन न्यायाधीश, दीर अर्ल ऑफ मार हा १७१५च्या जॅकोबाइट (म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूच्या) बंडाचा म्होरक्या. १७३० मध्ये नवरा-बायको वेगळे झाले. मग ही त्याच्या दाराशी येऊन तमाशा करायची, त्याच्या राजद्रोहाचा पुरावा असलेली पत्रं बाहेर काढीन म्हणून धमकवायची. जानेवारी १७३२ मध्ये हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या लोकांनी रात्री तिला घरातून उचललं. ती परत आलीच नाही. माझं मत: नवऱ्याला दुसरा इलाज नव्हता, मान वाचवायची होती. बाईचा बापही तसलाच. बायकोला पोटगी द्यायला लावली म्हणून त्यानं १६८९ मध्ये न्यायाधीश लॉकहार्टला गोळी घातली.

उंबरठा: बापाचा खून लेकीच्या माथी कशाला? आणि हा 'मान वाचवणारा' १७३४ मध्ये न्यायाधीशपद सोडून पार्लमेंटात गेला, तिथे चेटूकविरोधी कायदे रद्द करायला विरोध करत बसला. लंडनला त्याची बाईही होती, फॅनी लिंडसे. पुढे तिच्याशीच लग्न केलं. राजकारण हे निमित्त हो!

निवांत_गडी: मग मॅकलिओड आणि स्लीटचा मॅकडोनल्ड, एवढे बडे सरदार एका घरगुती भांडणात का पडतील? तिला जिथे डांबलं ती बेटं त्यांचीच होती. पत्रांची भीती त्यांनाही असणार.

उंबरठा: पत्रं होती तर दोन वर्षं ती नुसती ओरडत का बसली? सरकारकडे दिली असती की. तिच्याकडे तोंडाशिवाय काही नव्हतं, तेच बंद केलं. आधी स्कॉटलंडच्या पश्चिमेची मोनाक बेटं, मग त्याहून लांबचं सेंट किल्डा. तिथे सगळे गेलिक बोलणारे, हिला ती भाषा येईना. दगडी खोपट, बाहेर समुद्र.

आडवाटेचा: दोघांचंही थोडं थोडं बरोबर वाटतं, पण मला त्या पत्राचं नवल. सेंट किल्डाहून लपवून धाडलेलं पत्र १७४०च्या अखेरीस एडिंबरोला पोचलं. तिचा वकील होप, त्यानं हत्यारबंद माणसं देऊन जहाज पाठवलं, तोवर तिला तिथून हलवलेलं. १७४५ मध्ये स्काय बेटावर वारली.

निवांत_गडी: आणि खटला?

उंबरठा: एकावरही नाही. न्यायाधीशाच्या बायकोचं अपहरण झालं, सगळ्या शहराला ठाऊक, आणि नवरा १७५४ मध्ये लंडनला आपल्या मरणानं गेला. तुम्ही अजून म्हणा, इलाज नव्हता.