दाह, शोथ की सूज?

प्रश्न (मालवण):
वडलांना हार्ट अटॅक येऊन गेला, स्टेंट घातलाय. आता एका औषधाच्या संशोधनात भाग घ्याल का म्हणून मराठी माहितीपत्रक दिलंय. त्यात जागोजागी 'रक्तवाहिन्यांमधील दाह'. वडील म्हणतात, "माझ्या छातीत जळजळणा नाय, मगे दाह कसलो?" पित्ताची गोळी समजून ते सही करायला निघालेत. इथे 'दाह' बरोबर आहे का?

उत्तर (रत्नागिरी):
कोशात बरोबर, ओटीवर नाही. आपल्याकडे दाह म्हणजे पित्त, नाहीतर लघवीची आग. कोकम सरबताने शमतो तो. विश्वकोशात इंग्रजी 'इन्फ्लमेशन'साठी 'शोथ' येतो आणि पुढे 'दाहयुक्त सूज' असा खुलासा. लाली, सूज, ऊब, ठणका ही त्याची चार लक्षणं रोमन काळापासून सांगत आलेत. गळवात चारही दिसतात. धमनीच्या भिंतीत मात्र रोग्याला यातलं काहीच कळत नाही. साचलेल्या कोलेस्टेरॉलपाशी पांढऱ्या पेशी गोळा होतात, वरचा पापुद्रा कमकुवत होऊन फाटतो आणि तिथे गुठळी धरते. म्हणून तर रक्तातली सीआरपी (शोथ असला की वाढणारं प्रथिन) बघतात.

२०१७ साली जाहीर झालेल्या 'कॅन्टॉस' चाचणीत अटॅक येऊन गेलेले १०,०६१ रुग्ण होते. शोथ कमी करणाऱ्या कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनाने कोलेस्टेरॉल खाली आलं नाही, तरी मधल्या मात्रेत अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. पण जीवघेणे जंतुसंसर्ग थोडे वाढले. तेव्हा पत्रकात 'प्रतिकारशक्तीवर परिणाम' असं काही असेल तर ते वाक्य दोनदा वाचा. करोनापासून 'प्रतिकारशक्ती' हा शब्द आपण फक्त 'वाढवा'बरोबरच ऐकलाय.

उत्तर (वेंगुर्ला):
औषध कोल्चिसिन आहे का? असेल तर ते तुमच्या कुंपणावरच्या कळलावीतही असतं. गणपतीच्या सुमारास लाल-पिवळं फुलते ती. काही जण वाघनखी म्हणतात. कळ म्हणजे इथे बाळंतपणाची कळ, भांडण नव्हे. (नारदाचं कळलावेपण वेगळं.) मूळचं हे गाऊटवरचं (सांधे सुजवणाऱ्या वातावरचं) औषध. २०१९ च्या 'कोल्कॉट'मध्ये रोज अर्धा मिलिग्रॅम देऊन अटॅकनंतरचे पुढचे त्रास कमी झाले, पण २०२४ च्या 'क्लिअर सिनर्जी'त सात हजारांवर रुग्णांत फायदा दिसला नाही. म्हणून प्रश्न अजून खुला आहे आणि म्हणूनच अशा चाचण्या होतात. कंद उगाळून द्यायचा विचार कोणाच्या मनात आला तर आधीच सांगते, तो जीव घेतो.

प्रश्नकर्ती:
कोल्चिसिनच आहे. मग 'सूज' लिहा म्हणून सुचवू?

उत्तर (रत्नागिरी):
नुसतं 'सूज' नको. हृदयाच्या रुग्णाला सूज म्हणजे पायावरची, बोटाने दाबली की खळगा पडतो ती. ती पाणी साचून येते, तिचा याच्याशी संबंध नाही. 'रक्तवाहिनीच्या भिंतीला आतून येणारी, न जाणवणारी सूज' असं लांबलचक लिहायला सांगा. 'शोथ' कंसात राहू दे, डॉक्टरांसाठी.

उत्तर (वेंगुर्ला):
आणि 'चाचणी' म्हणजे रक्त तपासायचं नव्हे, हेही वडलांना सांगा. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना औषध नसलेली, आणि कोणाला कुठली ते डॉक्टरलाही ठाऊक नाही, असा प्रकार असू शकतो. नको वाटलं तर मधेच सोडता येतं, त्याने चालू उपचार थांबत नाहीत. हे पटल्यावरच सही.