सांगली-मिरज पाच वाद्यांत मावेल का?

कृष्णाकाठ: प्रश्न सरळ आहे. व्हायोलिन, त्याहून खालच्या सुराचे व्हायोला आणि चेलो, सतार आणि मिरजेचा तंबोरा घेऊन वीस मिनिटांची रचना करायची. छोटी बैठक, माइक नाही. माझ्या मते गावाचे आवाज थेट घ्यावेत. हळदीच्या सौद्याची चढती बोली व्हायोलिन-सतारीच्या सवालजवाबात छान बसेल. बोकेरिनी या इटालियन संगीतकाराने 1780च्या सुमारास माद्रिदच्या रात्रीवर तंतुवाद्यांचं पंचक लिहिलं, त्यात चर्चच्या घंटा आहेत, आंधळ्या भिकाऱ्यांचं नृत्य आहे. तिथे चेलोवादक चेलो मांडीवर आडवा घेऊन गिटारसारखा छेडतात. मग आपण का लाजायचं?

खर्ज: त्याच बोकेरिनीने प्रकाशकाला कळवलं होतं की स्पेनबाहेर ही रचना निरुपयोगी ठरेल, ऐकणाऱ्यांना अर्थच लागणार नाही. नक्कल ओळखीच्या जिवावर उभी असते. ज्याने सौदा पाहिला नाही त्याला तो नुसता गोंगाट. मिरजेचा स्वभाव जवारीत, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेच्या घुमत्या झंकारात आहे, तिथून सुरुवात करा.

सा पांढरी दोनवर (पाश्चात्त्य डी) ठेवा, म्हणजे व्हायोलिनच्या मोकळ्या तारा म सा प रे होतात आणि हात बांधला जात नाही. तंबोरा प सा सा सा. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सा ची तार नीट लागली की तिच्यातून शुद्ध गंधार आपोआप उमटतो, आणि तो पेटीच्या गंधारापेक्षा 14 सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) उतरता असतो. पाश्चात्त्य तालमीतला वादक सवयीने चढा गंधार लावतो. मग मध्य सप्तकात सेकंदाला साधारण तीन ठोके पडून सूर थरथरतो. अशा वेळी तंबोऱ्याला दोष देऊ नका, बोट किंचित मागे घ्या. सतारीचा गंधाराचा पडदाही तेवढाच सरकवावा लागेल. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावावर रचना करायची, तर एवढं किमान जमलंच पाहिजे.

हरिपूरकर: गंधाराचं पटलं, पण सतार ऐकू येणार कशी? तिचा सूर छेडल्याबरोबर ओसरायला लागतो, चेलोचा गज चालू असेपर्यंत सूर धरून ठेवतो. चेलोने खर्ज लांबवला की जवारीही झाकते. सतार पुढे असेल तेव्हा चेलो बोटाने छेडावा किंवा गज बोटं ठेवायच्या पट्टीकडे सरकवून हलका चालवावा. पावसाळ्यात तंबोरा मध्येच उतरतो, म्हणून दहाव्या मिनिटाला सूर लावायला जागा लिहूनच ठेवा.

कृष्णाकाठ: हे सगळं मान्य. पण पुराशिवाय सांगली होत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. चेलोने मंद्रातून एकेक श्रुती, म्हणजे स्वराहून बारीक पायरी, चढत जावं.

खर्ज: ते मोजपट्टीचं संगीत होईल. शिवाय पाणी तसं येतही नाही. नदीचा घाट समोर दिसत असतो आणि वस्तीत पाणी आधी नाल्यांतून, मागच्या बाजूने शिरतं. चेलो अजिबात हलवू नका. त्या पाण्यासारखा, व्हायोलाला मधल्या सप्तकात, व्हायोलिनच्या आवाजाखाली, कोमल निषाद धरू द्या. तो पहिली काही आवर्तनं कुणाच्या लक्षात येता कामा नये. व्हायोलिन थांबलं की मगच कळावं, हा कधीचा आत आलेला आहे.

हरिपूरकर: मग व्हायोलाचा तो निषाद मोकळ्या तारेवर नको. मोकळी तार उघडी वाजते, लगेच ओळखू येईल. वरच्या सप्तकातला दाबून घ्या.