अन्ननलिकेचा कॅन्सर जात बघून होतो का?

तापीकाठ
कुणाच्या दारावर भेटायला गेलं आणि गेलेल्याला अन्ननलिकेचा कॅन्सर होता असं कळलं, की चार माणसांतला एक तरी म्हणतोच, "त्यांच्यात ते आहेच." 'त्यांच्यात' म्हणजे कधी एखादी भावकी, कधी अख्खी जात, कधी सरसकट 'आदिवासी'. जळगाव असो की शहादा, वाक्य तेच.

माझं म्हणणं असं: या रोगाच्या प्रमाणात समूहासमूहांत फरक आहे, आणि तो अवाढव्य आहे. पण त्याचा उगम रक्तात शोधणं हा आळस आहे. आफ्रिकेचंच बघा. पूर्वेकडे मलावीत या कॅन्सरचं प्रमाण जगातल्या सर्वांत वरच्या प्रमाणांत मोडतं, आणि त्याच खंडाच्या पश्चिमेला तो क्वचित दिसतो. कातडीचा रंग तोच. अमेरिकेत काळ्या पुरुषांत हा रोग गोऱ्यांच्या कित्येक पट होता. गेल्या चाळीसेक वर्षांत तो त्यांच्यात झपाट्याने उतरला, गोऱ्या पुरुषांत याच कॅन्सरचा दुसरा, पोटाजवळच्या टोकाला होणारा प्रकार वाढला, आणि आता एकूण आकड्यात गोरेच पुढे आहेत. इराणच्या गोलेस्तान भागात १९७० च्या सुमारास तुर्कमेन लोकांत लाखामागे शंभराच्या वर रुग्ण निघत. आज तिथलं प्रमाण बरंच खाली आलंय. एका पिढीत कुणाचं रक्त बदलत नाही. बदलतं ते ताट, चहा, पाणी आणि खिशातली पुडी.

आपल्याकडे तंबाखू-चुना, मिसरी, विडी आणि गुटखा आहेतच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, कुठल्या टपरीवर ती पाळतात ते आपल्याला ठाऊक आहे. वर दारू असली की तंबाखूचा आणि तिचा धोका नुसता बेरजेत जात नाही, एकमेकांना वाढवतो. एवढं सगळं समोर असताना जात कशाला काढायची?

यावलकर
भाऊ, भाषण चांगलं, पण अर्धं. जनुकांचा काहीच संबंध नाही असं म्हणणं हीसुद्धा श्रद्धाच झाली. चीन, जपान, कोरियातल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोकांत दारू पचवणारं एक एन्झाइम जन्मतःच लंगडं असतं. पेलाभर घेतली की चेहरा लालबुंद. दारूपासून शरीरात जे ॲसिटाल्डिहाइड बनतं, ते त्यांच्यात साचून राहतं, आणि ते कॅन्सरकारक आहे. असा माणूस रोज पीत राहिला तर अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका इतर पिणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. हा जन्माने आलेला फरक नाही तर काय आहे? शिवाय टायलोसिस नावाचा एक दुर्मीळ आजार आहे. त्यात तळहात-तळपायांची कातडी जाड होते आणि काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या हाच कॅन्सर निघतो. 'घराण्यात आहे' हे वाक्य प्रत्येक वेळी अडाणीपणाचं नसतं.

तापीकाठ
यावलकर, उदाहरण चांगलं दिलंत, पण ते माझ्याच बाजूचं आहे. ज्यांना त्या एन्झाइमचं जनुक आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून लंगडं मिळतं, त्यांना दारू इतकी बाधते की ते सहसा पीतच नाहीत, आणि त्यांच्यात हा कॅन्सर उलट कमी दिसतो. बाटली उघडली नाही तर जनुक गप्प बसतं. आणि हे लंगडं जनुक आपल्याकडे विरळा, मग इथल्या फरकाला ते लावायचं कसं? टायलोसिसची घराणी जगात मोजकी. त्यावरून अख्ख्या जातीबद्दल बोलता येत नाही.

मिरचीबाजार_नंदुरबार
चर्चा मिरचीवर यायच्या आत सांगून ठेवतो, आमच्या बाजाराला बदनाम करू नका! शेवभाजी खाऊन कॅन्सर होतो असं व्हॉट्सॲपवर फिरतंय. त्यापेक्षा चहाकडे बघा. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ६५ अंशांच्या वरचं पेय 'बहुधा कॅन्सरकारक' या गटात टाकलं. चहा किंवा कॉफी म्हणून नव्हे, तापमानासाठी. गोलेस्तानात पन्नास हजार लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा उकळता चहा घशाखाली ओतणाऱ्यांत धोका स्पष्ट जास्त निघाला. आमचे आजोबा बशीत ओतून फुंकर मारत प्यायचे, तेव्हा आम्ही हसायचो. आता स्टँडवर कागदी कपातला चहा दोन घोटांत संपवायचा, का तर गाडी सुटते.

धुळ्याची_माहेरवाशीण
दोघाही दादांना एक विचारते. तुमची सगळी चर्चा टपरी, बाटली आणि पुरुष यांच्यापुरतीच का? जगात या कॅन्सरचे साधारण दहापैकी सात रुग्ण पुरुष आहेत, हे खरं. पण गोलेस्तान आणि चीनमधला हेनान प्रांतातला लिनश्यान परिसर, जिथे हा रोग सर्वांत जास्त गाजला, तिथे बाया आणि पुरुष जवळपास बरोबरीने आजारी पडत आले. त्यातल्या बहुतेक बायकांनी आयुष्यात सिगारेट ओढली नाही की दारूला हात लावला नाही. मग 'खिशातली पुडी' हे उत्तर तिथे पुरतं का? तिथे अभ्यासकांनी बोट ठेवलं ते गरम चहावर, घरातल्या धुरावर, ताटात फळं-भाज्या नसण्यावर, पडलेल्या दातांवर, काही ठिकाणी अफूवर. आणि या सगळ्यांच्या बुडाशी गरिबी.

आता आपलं घर बघा. सासूबाई सकाळी मिसरी लावतात, दुपारी लावतात, झोपताना पुन्हा. डॉक्टरने "व्यसन काही?" विचारलं की नवरा म्हणतो, "नाही हो, घरातली बाई आहे." कारण मिसरी व्यसनात धरलीच जात नाही, ती दात घासणं आहे! भाजलेला तंबाखू आहे तो, हिरड्यांतून मुरतो आणि लाळेबरोबर खाली जातो. चुलीपुढे तिचा जन्म गेला. कळण्याची भाकरी आणि ठेचा रोज, फळ कुणी आजारी पडलं तर. रावेर-यावलची केळी ट्रक भरभरून उत्तरेत जातात, आणि बागेत निंदायला जाणाऱ्या बाईच्या डब्यात केळ नसतं.

तापीकाठ दादा, तुम्ही जातीवरचा दोष काढून माणसाच्या तोंडावर टाकलात. तिला निवड कुठे होती?

यावलकर
ताई, गरिबीचा मुद्दा मान्य. पण गरिबी तर सगळीकडे आहे. देशात सर्वांत जास्त प्रमाण मेघालयातल्या पूर्व खासी हिल्स जिल्ह्यात आहे, पुरुषांत लाखामागे सत्तरच्या वर. मराठवाड्यात, विदर्भातही गरिबी आहे, तिथे असा आकडा नाही. मग?

धुळ्याची_माहेरवाशीण
मग सुपारी. तिथे कच्ची सुपारी चुना-पानासोबत दिवसभर तोंडात असते, पाहुण्याला पाण्याआधी तीच देतात. बायका, पुरुष, सगळे. नुसती सुपारी, तंबाखूशिवायसुद्धा कॅन्सरकारक आहे हे २००४ सालीच जाहीर झालंय. त्यात तंबाखू मिसळली की विचारूच नका. गरिबी एकटी मारत नाही, सोबतीला काहीतरी घेऊनच येते. मी ते नाकारलं नव्हतं.

सातपुडा_पायथा
नंदुरबारच्या डोंगरात, अक्राणी (धडगाव) भागात मास्तर आहे. वरचं सगळं वाचलं. मला तापीकाठ आणि ताई दोघांशी भांडायचंय. तुम्ही 'रक्त' म्हणायचं टाळता आणि 'त्यांच्या सवयी' म्हणता. गावात बसलेल्या माणसाच्या कानाला दोन्ही सारखंच लागतं. इथल्या पावरा आदिवासींबद्दल "पावरे मोहाची पितात म्हणून" हे मी सरकारी बैठकीत ऐकलंय. अरे, मोहाची दारू लग्नाला, सणाला, देवाला, आणि ती घरची. रोजच्या रोज पिशवीतली देशी आणि दहा रुपयांची पुडी ही खालून, बाजारातून चढली. पोरं शाळेत येताना पुड्या आणतात. त्यांच्या आजाच्या पिढीत पुडी नव्हती. ही कोणत्या समाजाची 'संस्कृती', सांगा बघू? माल बनवणाऱ्याची की विकणाऱ्याची?

शहरात निघालेला आकडा डोंगरावर चिकटवू नका. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासून आहे, बार्शीची १९८७ पासून. बार्शीचा शेतकरी आणि धडगावचा पावरा यांचं ताट एक नाही, पाणी एक नाही, दवाखान्यापर्यंतचं अंतर तर नाहीच. आमच्याकडे घास अडकायला लागल्यावर माणूस पेज पिऊन दिवस काढतो, मग भगताकडे जातो. त्याची नोंद कुठे होणार?

भडगावचा_मेडिकलवाला
मी डॉक्टर नाही, दुकान चालवतो. पण गटवारीचा उपयोग असतो, फक्त जातीच्या नावाने नको. अन्ननलिकेच्या कॅन्सरचे मुख्य प्रकार दोन. पाश्चात्त्य देशांत गोऱ्या, लठ्ठ, वर्षानुवर्षं जळजळ असणाऱ्या पुरुषांत होतो तो बहुधा पोटाजवळच्या टोकाला. आपल्याकडे अजून बहुतेक रुग्ण दुसऱ्या, तंबाखू-दारू-सुपारीवाल्या प्रकाराचे. इंटरनेटवर अमेरिकेचं वाचून लोक ॲसिडिटीला घाबरतात आणि गोळ्यांची पाकिटं नेतात. खरा घाबरायला हवा तो वेगळाच असतो: पन्नाशीचा, विडी-तंबाखूवाला, भाकरीचा घास पाण्याने ढकलणारा, वजन उतरलेला. तो माझ्याकडे गॅसची गोळी मागतो. मी देत नाही, म्हणतो आधी घशातून दुर्बीण (एंडोस्कोपी) टाका. तो शेजारच्या दुकानातून घेतो.

यावलकर
मग चीनसारखी गावोगाव दुर्बीण घालायची का? तिथे जास्त प्रमाणाच्या भागांत चाळिशीच्या पुढच्यांची दुर्बिणीने तपासणी करतात, आयोडीन टाकून डाग बघतात. आपल्याकडे तिशीच्या पुढच्यांसाठी सरकारी तपासणी आहे ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची. अन्ननलिका त्यात नाही.

भडगावचा_मेडिकलवाला
सगळ्यांना नको, परवडणार नाही. पण तोंड तपासायला आशाताई दारात येतेच. तोंडात पांढरा चट्टा किंवा जबडा आखडलेला दिसला, तर तिथेच विचारा ना, घास अडकतो का? त्याला कुठे मशीन लागतं.

सातपुडा_पायथा
विचारायला हरकत नाही. 'हो' म्हणाला तर दुर्बिणीसाठी त्याला नंदुरबारला किंवा धुळ्याला जावं लागतं. त्या दिवसाची मजुरी कोण देणार, तेवढं लिहा.