नाव विचारले नाही म्हणजे सर्वेक्षण निनावी होते का?

मृण्मयी_क
‘नाव विचारले नाही की सर्वेक्षण निनावी झाले, कूटलेखनाचे अवडंबर कशाला?’ हे कालचे विधान वाचून राहवले नाही. आमच्या कार्यालयातील ‘निनावी’ सर्वेक्षण मी भरले नव्हते; तिसऱ्या दिवशी ‘आपला प्रतिसाद अद्याप आलेला नाही’ अशी मेल मला एकटीला आली. दुव्याच्या शेवटी प्रत्येकासाठी वेगळा, लांबलचक क्रमांक होता. कोणी भरले नाही हे ज्याला कळते, त्याला कोणी काय भरले हे कळायला कितीसा वेळ लागणार? संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८२ मध्येच ‘अंध स्वाक्षरी’ ही कूटलेखनाची, म्हणजे गणिताने मजकूर झाकण्याची, पद्धत मांडली. तिची कल्पना अशी: आतून कार्बन लावलेल्या बंद पाकिटात चिठ्ठी असते. अधिकारी ओळख तपासून पाकिटावर सही करतो, ती आत उमटते, पण चिठ्ठी त्याला दिसत नाही. पुढे तीच चिठ्ठी उत्तराला जोडली की उत्तर खऱ्या सभासदाचे ठरते आणि ती चिठ्ठी दुसऱ्यांदा चालत नाही.

जुना_लेखनिक
विधान माझे आहे. नुसते नाव न विचारणे पुरत नाही हे मान्य, पण कूटलेखन हे अवडंबरच, यावर मी ठाम आहे. आमच्या विभागात सात माणसे, त्यांत एकच बाई. अर्जात विभाग, लिंग आणि सेवेची वर्षे विचारली होती. तिचे उत्तर साहेबांनी बैठकीत वाचून दाखवले, तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला आहे. तिथे तुमचे पाकीट काय कामाचे होते? माहितीच्या गोपनीयतेच्या अभ्यासक लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवले की पिन कोड, लिंग आणि जन्मतारीख एवढ्यावरून ८७ टक्के अमेरिकी नागरिक वेगळे ओळखता येतात.

ऋतुगंध
शेवटच्या ‘आणखी काही सांगायचे आहे का’ या रकान्याविषयी कोणीच बोलत नाही. मी तिथे ‘तूर्तास’ लिहिले आणि तेवढ्यावरून पकडली गेले, कारण तो शब्द कार्यालयात मीच वापरते. तो रकाना काढूनच टाका.

मृण्मयी_क
मुळीच नाही! खरी तक्रार त्याच रकान्यात येते. तो काढला तर उरतात ते एक ते पाच आकडे, आणि आकड्यांना कोणी घाबरत नाही.

ऋतुगंध
माझी बदली झाली, तुमची नाही. सल्ला देणे सोपे असते.

जुना_लेखनिक
रकाना ठेवा, पण विभागाचा प्रश्न गाळा आणि मजकूर सर्व विभागांचा मिसळून दाखवा. हे गणिताने नव्हे, शहाणपणाने होते.

मृण्मयी_क
विभागाचा मुद्दा मान्य, नाइलाजाने. पण मिसळण्याआधी मूळ उत्तरे ज्याच्या हातात असतात, त्याच्या शहाणपणावर मी विसंबणार नाही.