मोशेची मुभा आणि मूळ योजना
बायबलमध्ये देवाचं नियमशास्त्र देणाऱ्या मोशेनेच सूटपत्राला (घटस्फोटाच्या लेखी पत्राला) परवानगी दिली, मग विवाह कायमचा कसा, हा प्रश्न रास्त आहे. पण बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं २४:१-४ सलग वाचा. तिथे बायको सोडा असं सांगितलेलंच नाही. सोडलेलीने दुसरं लग्न केलं आणि तेही मोडलं किंवा तो नवरा वारला, तर पहिल्या नवऱ्याने तिला पुन्हा बायको करून घेऊ नये, एवढाच नियम आहे. येशू या मुभेचं कारण मनाचा कठोरपणा सांगतो आणि थेट उत्पत्ती २:२४ वर, म्हणजे नवरा-बायको एकदेह होतील या मूळ योजनेवर, जातो (मत्तय १९:४-८). बायको सोडण्याला व्यभिचाराचा अपवाद मत्तयात आहे, मार्क १० मध्ये नाही. मंडळ्यांमधले (चर्चांमधले) घटस्फोटाबद्दलचे मतभेद बरेचसे इथूनच येतात.

आणि कृपा करून नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला विवाह कायमचा असल्याची ही वचनं ऐकवू नका. १ करिंथ ७:११ वेगळं राहिलेल्या पत्नीचा विचार करतंच: तिने अविवाहित राहावं किंवा समेट करावा.